यवतमाळची कापसाची बंडी: ओढण्याचा आणि थांबवण्याचा इतिहास

१९०८ साली प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये यवतमाळविषयी एक साधी नोंद आहे. हे गाव सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे केंद्र असून पक्क्या रस्त्याने २९ मैलांवरील धामणगाव स्थानकाशी जोडलेले आहे, अशा आशयाची. नोंद एवढीच. परंतु या २९ मैलांत वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासाचा एक भाग दडलेला आहे आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आजचा धागा त्या रस्त्यावरून धावलेल्या बंडीचा, तिच्या निगराणीचा आणि तिची जागा घेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा.

प्रथम भूगोल. जुन्या वऱ्हाडचे दोन भाग मानले जात. पूर्णा-वर्धेच्या खोऱ्यातला सखल भाग तो पायनघाट आणि दक्षिणेकडचा उंच पठारी भाग तो बालाघाट. यवतमाळ बालाघाटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे. धामणगाव पायनघाटात, त्याहून सुमारे दीडशे मीटर खाली. मधल्या वाटेवर करळगावचा घाट लागतो, पुढे बाभूळगाव. याचा अर्थ असा की भरलेली बंडी उतरत असे आणि रिकामी बंडी चढत असे. बैलांच्या दृष्टीने ही सोय वाटते. प्रत्यक्षात धोका नेमका इथेच होता. चढावर ओझे थकवते, उतारावर ओझे अंगावर येते.

बंडीच्या आधी काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस चाकांवरून फारसा जात नसे, तो बैलांच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे लदणीचे बैल घेऊन शेकडो मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत कापूस पोहोचवत. हैदराबादचे पारशी सावकार विकाजी व पेस्तनजी मेहरजी यांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडातून मुंबईकडे कापूस धाडला, तोही बैलांच्या पाठीवरूनच. लदणीच्या बैलाला आस नाही, चाक नाही, जोडणी नाही, म्हणून यांपैकी काही तुटण्याचा प्रश्नही नाही. बैल थांबला की ओझे थांबले. ओढणाऱ्याचे पाय आणि ओढले जाणारे ओझे हे एकच शरीर होते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या मातीवर खिळली आणि १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला. स्थानक झाले की स्थानकापर्यंत रस्ता हवा, आणि रस्ता झाला की बंडी हवी. पाठीवरचे ओझे चाकांवर आले ते या क्रमाने. ओढणारा एक आणि ओढले जाणारे दुसरे, अशी फाळणी झाली, आणि त्या दोहोंमधला सांधा हे सर्वांत नाजूक ठिकाण ठरले. (हा जिल्हा त्या काळी ‘वणी’ नावाने ओळखला जाई. ‘यवतमाळ’ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले.)

आता बंडीकडे वळू. तिचे चाक म्हणजे लाकडाचे एक कोडे आहे. मध्यभागी तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळाचे तुकडे म्हणजे पुठ्ठे, आणि या सगळ्यावर लोखंडाची धाव. निरनिराळ्या भागांना निरनिराळे लाकूड लागे. धावडा चिवट म्हणून आसाला, बाभूळ कठीण म्हणून तुंब्याला व पुठ्ठ्यांना, साग हलका व टिकाऊ म्हणून साट्याला, तिवसही चाकाच्या कामाला. यवतमाळचे भाग्य असे की यांतले बहुतेक सारे जिल्ह्याच्या रानातच उभे होते.

धाव चढवण्याचे काम पाहण्यासारखे असे. लोहार लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बेततो. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवतो. तापलेले लोखंड प्रसरण पावते, त्या क्षणी ते सांडशीने उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसते आणि सारे आरे, सारे पुठ्ठे तुंब्याकडे करकचून आवळले जातात. एकही खिळा न मारता चाक एकसंध होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे हे उदाहरण हमखास असते, आणि ते लिहिणाऱ्याने लोहाराची भट्टी पाहिली असावी असे मला नेहमी वाटते.

परंतु लाकूडही आकसते. वैशाखात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की चाके सुकतात आणि धाव सैल पडते. चालत्या बंडीची धाव निसटली तर पुठ्ठे उकलतात आणि चाक जागीच बसते. म्हणून उन्हाळ्यात चाके नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्यात भिजत ठेवायची, लाकूड फुगून पुन्हा घट्ट व्हायचे. हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे लोहाराकडे जाऊन धाव कापून, जोडून पुन्हा चढवणे. अनुभवी धुरकरी चाकावर दगडाने ठोकून आवाज ऐके. घट्ट चाक खणकते, सैल चाक बद्द वाजते.

आसाच्या टोकाला चाक बाहेर पडू नये म्हणून एक खीळ असे. बंडीतला हा सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त भाग. दशरथाच्या रथाचा आस ऐन युद्धात निकामी होतो आणि कैकेयी तिथे आपला हात घालते, ही कथा गावोगावी सांगितली जाते. ती ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तिचा अर्थ समजावून द्यावा लागत नसे. गंमत अशी की आपल्या बोलण्यात ‘खीळ बसणे’ म्हणजे काम अडणे. गाडीत मात्र खीळ नसली तर काम अडते.

आणि वंगण. तेल किंवा एरंडेल आणि काजळी यांचे काळे मिश्रण बांबूच्या नळकांड्यात भरून बंडीखाली टांगलेले असे. लाकडी तुंबा लोखंडी आसावर कोरडा फिरू लागला की तो कुरकुरतो, मग तापतो, मग झिजून त्याचे भोक मोठे होते आणि चाक डगमगू लागते. गॅझेटियरमधले २९ मैल म्हणजे सुमारे ४७ किलोमीटर. भरल्या बंडीची चाल ताशी तीन-साडेतीन किलोमीटर धरली तर निव्वळ चालणे तेरा ते सोळा तासांचे. एवढ्या वाटेत कुठेतरी थांबून खीळ काढायची, चाक बाहेर सरकवायचे, वंगण घालायचे आणि खीळ पुन्हा ठोकायची. हे शेवटचे काम अंधारात विसरले तर काय होई, ते सांगायला नको.

ओझे भरण्याचीही विद्या होती आणि मराठीत तिच्यासाठी नेमके शब्द आहेत. भार आसाच्या मागे गेला तर बंडी ‘उलाळ’ होते, म्हणजे मागे कलते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. भार फार पुढे आला तर ती ‘धुरजड’ होते आणि सारे वजन बैलांच्या मानेवर येते. योग्य भार म्हणजे आसावर तोललेला, पण किंचित पुढे. यात घाट आला की गणित बदलते. कापूस हलका असल्याने त्याचा ढीग उंच होतो. उताराला बंडी पुढे कलली की त्या उंच ढिगाचा भार आसाच्या पुढे सरकतो, म्हणजे सपाटीवर तोललेली बंडी उतारावर आपोआप धुरजड होते. चढावर उलट. म्हणून धुरकरी आपले बसणे मागेपुढे करी, अवघड उतारावर तर खाली उतरून चाले.

आज युरोप-अमेरिकेत मोटारीमागे प्रवासी घर किंवा नाव ओढणाऱ्यांना शिकवले जाते की ओढगाडीच्या एकूण वजनाचा ठरावीक हिस्सा जोडणीच्या टोकावर आला पाहिजे. तो फार कमी झाला तर मागची गाडी शेपटीसारखी डोलू लागते, फार जास्त झाला तर ओढणाऱ्या मोटारीची पुढची चाके हलकी होतात. त्यांनी हे वजनकाट्यावर मोजले. आपल्याकडे ते बैलाच्या मानेवर मोजले जाई, आणि उलाळ व धुरजड हे त्या मोजमापाचे दोन टोकांचे आकडे होते.

ओढणाऱ्या जिवाची निगा हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग. खांदेसुजी म्हणजे जुवाच्या घर्षणाने बैलाच्या खांद्याला येणारी सूज. ती वेळेत दिसली नाही तर जखम होते आणि बैल महिनाभर निकामी ठरतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे शेकतात, त्यांना तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळा श्रावण अमावास्येला येतो. तोवर डवरणीची जड कामे सरत आलेली असतात आणि कापसाची वाहतूक सुरू व्हायला दीड-दोन महिने असतात. दोन हंगामांच्या मधल्या फटीत प्रत्येक घरातला प्रत्येक बैल धुतला जातो, त्याच्या खांद्यावरून हात फिरवला जातो आणि त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. श्रद्धा तिथे आहेच. पण माझ्या मते ही वर्षातून एकदा होणारी सक्तीची तपासणीही आहे, आणि ती चुकवणारा गावात नाव घालवून बसे.

वाढई, लोहार, नालबंद, जोते-सापती शिवणारा चांभार, या सर्वांची कामे गावाच्या व्यवस्थेत बांधलेली होती. मोबदला सुगीला ज्वारीच्या रूपात मिळे. म्हणून सैल धाव घेऊन लोहाराकडे जाताना शेतकऱ्याला खिशात पैसे आहेत का, हा विचार करावा लागत नसे. देखभाल स्वस्त नव्हती, पण तिचे पैसे आधीच भरलेले होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ज्या हातांवर रस्त्यावरची सुरक्षितता अवलंबून होती त्या हातांना जातीच्या उतरंडीत खालची जागा होती आणि सुगी बुडाली की त्यांचे धान्य आधी कापले जाई.

आता थांबवण्याकडे येऊ. या इतिहासातला कळीचा मुद्दा इथे आहे.

लोखंडी धावेची बंडी ओढायला जड असते. तुंबा आसाला घासतो, अरुंद धाव रस्त्यात रुतते. हे सारे घर्षण बैलांच्या विरुद्ध जाते, पण उतारावर तेच त्यांच्या बाजूने उभे राहते. त्यावरही भागले नाही तर चाकांमागे आडवे लाकूड दोरीने आवळून धावेवर दाबत, किंवा साखळीने एक चाक बांधून ते घसरत नेत. बैलही मागे रेलून ओझे पेलत. त्या वेळी जू पुढे शिंगांकडे सरकते आणि गळ्याखालचा पट्टा त्याला अडवतो. तो पट्टा जीर्ण असेल तर घाटात बंडी बैलांवर चढते.

मात्र हीच अरुंद धाव रस्ते फोडत होती. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समिती १९२७ मध्ये नेमली गेली. तिच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ता निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. लोखंडी धावेची गाडी हा त्या काळच्या रस्ते-अभियंत्यांचा आवडता शत्रू होता. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांची पहिली वीसवर्षीय योजना, ‘नागपूर योजना’, आखली गेली. त्याच दशकांत हवेच्या टायरची बैलगाडी पसरू लागली. लोक तिला कंपनीच्या नावावरून ‘डनलॉप’च म्हणू लागले.

डनलॉप बंडी हा खरोखर मोठा सुधार होता. तोच बैल जवळपास निम्म्या कष्टात तेवढेच ओझे ओढू लागला. १९६५ च्या ओढकाम व लदणीच्या जनावरांविषयीच्या नियमांत हा फरक कायद्याच्या भाषेत दिसतो. हवेचे टायर नसलेल्या दुचाकी गाडीवर जेवढे ओझे चालते, त्याच्या दुप्पट बॉल-बेअरिंगच्या गाडीवर चालते. (त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असेही आहे. यवतमाळच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय होतो हे तिथला वाचक जाणतो.) पण घर्षण गेले ते दोन्ही दिशांनी गेले. चढावर बैलांचा शत्रू नाहीसा झाला आणि उतारावर त्यांचा मित्रही. ओझे दुप्पट झाले, बैलांचे पाय मात्र चार-चारच राहिले.

मध्येच एक लोहमार्गही येऊन गेला. किलिक निक्सन या कंपनीने उभारलेली यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद मापाची ‘शकुंतला’ कापसासाठीच धावू लागली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. तिची कहाणी स्वतंत्र धाग्याची आहे. इथे एवढेच नोंदवतो की इंजिन टिकले आणि मार्ग थकला. रुळांची डागडुजी मागे पडत गेली तशी गती उतरत गेली आणि शेवटी गाडीच थांबली.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्याखाली झोपलेले शेतकरी, हे दृश्य विदर्भातल्या एका संपूर्ण पिढीने पाहिले. त्या रांगेत हळूहळू ट्रॅक्टर दिसू लागले. भाड्याच्या ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली चार-पाच शेतकऱ्यांचा कापूस एका खेपेत नेते. बैलजोडी पोसण्यापेक्षा हे परवडते. यात कोणाचा दोष नाही.

परंतु ट्रॉलीच्या वेळी एक गोष्ट घडली नाही. बंडीच्या प्रत्येक भागामागे एक माणूस उभा होता, ट्रॉलीमागे कोणी उभा राहिला नाही. ट्रॅक्टर कारखान्यातून येतो, त्याची पुस्तिका असते, सर्व्हिसिंग असते. ट्रॉली पुष्कळदा तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बनते आणि एकदा रंग लागला की तुटेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ओढले जाणारे वाहन हे स्वतंत्र वाहन मानले आहे आणि त्याची नोंदणीही वेगळी असते. लोकांच्या मनात मात्र ती ट्रॅक्टरची शेपूट आहे, आणि शेपटीची कोणी सर्व्हिसिंग करत नाही.

जुन्या धुरकऱ्याला आज ट्रॅक्टरपाशी उभे केले तर तो काय पाहील? आधी सांधा. जोडणीची पिन आणि तिला खालून अडवणारी छोटी क्लिप ही आसाच्या खिळीचीच नात. क्लिपऐवजी तार किंवा वाकवलेला खिळा दिसला तर तो खेप घेणार नाही. पिन झिजून बारीक झाली आहे का, ज्या छिद्रात ती बसते ते लांबट झाले आहे का, हे तो बोटाने चाचपेल. पिन तुटलीच तर ट्रॉली मोकाट सुटू नये म्हणून सांध्यावरून जाणारी वेगळी साखळी त्याला लगेच पटेल. बैलगाडीत तिचे काम गळ्याचा पट्टा करी. जोडणी किती उंचीवर आहे हेही तो पाहील. ट्रॅक्टरच्या मागच्या आसापेक्षा उंच जागी ओझे बांधून चढावर जोर लावला की पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. म्हणजे उलाळच, फक्त बैलांऐवजी चालकाच्या जिवावर.

मग तो ट्रॅक्टरच्या पायाशी दोन ब्रेक पाहून हसेल. डाव्या चाकाला एक आणि उजव्या चाकाला एक, शेतात झटकन वळता यावे म्हणून. त्याच्यासाठी ही जोडीच आहे, आतला बैल आणि बाहेरचा बैल. रस्त्यावर आल्यावर हे दोन पट्टे खटक्याने एकत्र अडकवायचे असतात. ते मोकळे राहिले आणि घाटात एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत आडवा पाडते. एक बैल थांबला आणि दुसरा चालत राहिला तर बंडीचे जे होई तेच हे.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणे ही त्याला आत्महत्या वाटेल. ज्या गिअरमध्ये भरली ट्रॉली घाट चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, म्हणजे इंजिनच मागे रेलणाऱ्या बैलाचे काम करते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तर ते चालू आहेत की नुसते लटकताहेत, दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का, चाकाचे नट आवळलेले आहेत का, बेअरिंगमध्ये ग्रीस आहे का. शेवटचा प्रश्न विचारताना तो सवयीने ट्रॉलीखाली वाकून वंगणाचे नळकांडे शोधील.

एका बाबतीत मात्र त्याचा अनुभव अपुरा पडेल. रात्री बंडीखाली कंदील टांगला की त्याचे कर्तव्य संपे, कारण मागून येणारी दुसरी बंडीही त्याच चालीने येत असे. आज मागून येणारी मोटार ताशी ऐंशीच्या वेगाने येते. फुगलेला कापूस ट्रॉलीच्या फाळक्यांबाहेर लोंबून मागचे दिवे झाकतो, लाल परावर्तक धुळीने आंधळे झालेले असतात, आणि अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळणाऱ्यांत दुचाकीवरची तरुण मुले असतात. धुळीने भरलेला परावर्तक पुसायला एक ओले फडके पुरते.

रस्त्यावर बंद पडलेले वाहन ओढून नेण्याला आपण ‘टोचन’ म्हणतो. ‘टो चेन’चे हे मराठी रूप किती सहज रुळले! त्याच्या उलट तुंबा, पुठ्ठा, उलाळ, धुरजड हे शब्द झपाट्याने पुसले जात आहेत, आणि एकेका भागाचे नाव तालुक्यागणिक बदलते. दारव्हा, पुसद, वणी, केळापूर, घाटंजी, जिथे कुठे तुमच्या आजोळी जुनी बंडी किंवा नुसते चाक पडून असेल, तिथे त्याचा फोटो घ्या, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला प्रत्येक भागाचे नाव विचारा आणि गावाच्या नावासह खाली लिहा. विशेषतः उतारावर चाक बांधण्याच्या साखळीला आणि ब्रेकच्या आडव्या लाकडाला तुमच्याकडे काय म्हणत, ते हवे आहे. पुढचा धागा त्या शब्दांवरच करू.